खिशातला वाघ

हौसा, तू गेलीस म्हणून मी आता तुझ्याशी गोड बोलेन, असं समजू नकोस. काल तुझा दहावा झाला. ओढ्याच्या काठी बसलेल्या बायका एकीमागून एक म्हणत होत्या, ‘बिचारी सुटली.’ मी जरा लांब दगडावर बसले होते, पण ऐकू सगळं येत होतं.  मग घसा खाकरला. तरी थांबेनात, तेव्हा तिथूनच म्हणाले, “बिचारी कोन गं? तुमच्यातल्या समद्यांस्नी तिनं पाणी पाजलंया.”  मग तुझी वहिनी हसली, तशा बाकीच्याही हसल्या, आणि दहाव्याला हसू नये म्हणून लगेच तोंडाला पदर लावून बसल्या. तुला फार आवडलं असतं. तुझ्या दहाव्याला तूच नव्हतीस, एवढीच काय ती खोट.

आपली ओळख माझ्या ओट्यावरची. वेल्ह्याच्या बाजाराच्या टोकाला माझं घर, ओट्यावर माझं शिलाई मशीन. बाजाराच्या दिवशी तुझा भाऊ म्हादू डोंगरावरच्या वाडीतून मेंढरं नाहीतर लोकर घेऊन उतरायचा आणि तुला माझ्यापाशी बसवून जायचा. “हिच्याकडं ध्यान ऱ्हाऊ द्या, आक्का,” एवढं बोलून गडी जो जायचा तो दिवस कलल्यावरच उगवायचा. लहानपणी देवी आल्या तेव्हा तुझी नजर गेली, हे त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं. हमालानं पोतं उतरवताना आत काय आहे ते सांगावं, तसं सांगितलं. तू ओट्याच्या कडेला बसलीस आणि माझ्या मशीनचा आवाज ऐकत राहिलीस.

त्या ओट्यावर बाजाराला आलेल्या बायका कोळशानं रेघा मारून वाघ-बकरी खेळायच्या. एक वाघ, बाकी शेळ्या. वाघानं शेळीवरून उडी मारून पलीकडच्या मोकळ्या घरात जायचं की शेळी मेली. शेळ्यांनी चहूकडून दाटी करून वाघाला कोंडला की वाघ मेला. एवढाच तो खेळ. एका बाजारी तू म्हणालीस, “मलाबी घ्या.” त्यांनी घेतलं. तुझा हात धरून खडा ठेवायच्या, ‘हितं नगं, तितं ठेव’ म्हणायच्या, आणि थोड्या वेळात तू जिंकलीस. सगळ्यांनी वाहवा केली. तू खड्यांवरून हळूच बोटं फिरवलीस आणि मग एका फटक्यात सगळे खडे रस्त्यावर भिरकावलेस.

“मला जिकवलंत व्हय? म्या काय भीक मागाय आल्ये?”

“आगं, तुला बरं वाटावं म्हनून—”

“मला हरल्यावर बरं वाटंल.”

बायका नाक मुरडून उठून गेल्या. मला हसू आवरेना. तू तोंड माझ्याकडे वळवलंस. “तू का दात काढतीयास?” मी म्हणाले, “खडं मारून बाजार उठवलास की.” मग तू विचारलंस, “तू मला हरवशील?” “हरवीन की. पन तुला पट कळायचा कसा?” त्यावर तू जे म्हणालीस त्यानं माझी पुढची कितीतरी वर्षं कामाला लागली. “त्ये तू बग. शिवनारी तू हायस.”

तुला काय हवं होतं ते मला त्या दिवशी अर्धंच कळलं. मला वाटलं, बाईला वेळ घालवायला काहीतरी हवं आहे. वेळ घालवायला तुझ्याकडे लोकर होती, वाडीतली पोरं होती, म्हादूला शिव्या देणं होतं. तुला असा खेळ हवा होता, की समोरच्याला तुझी कीव करायला जागाच उरू नये. जिंकलीस तर तुझ्या अकलेनं, हरलीस तर तुझ्याच चुकीनं. डोळे असणाऱ्या माणसाला ही मागणी केवढी मोठी आहे ते कळत नाही, कारण त्याची ती जन्मतःच पुरी झालेली असते.

मी सुरुवात केली ती डोळस माणसाच्या डोक्यानं. जाड खादीवर दोरी भरून रेघा उठवल्या, चौकांवर मोठाली बटणं ठेवली. दोरी तुझ्या बोटाला छान लागायची. पण पट चाचपायला तू हात फिरवलास की निम्मा कळप दरीत. मग मी हुशारी केली. पोलक्याचे हूक आणले, प्रत्येक चौकात दोऱ्याचं काजं केलं, प्रत्येक बटणाला हूक लावला. आता बटण हलणार नाही म्हणून मी खूश. पण शेळी काढायची, हूक सोडवायचा, दुसऱ्या काजात अडकवायचा, त्यात तुझ्या बोटाला टोचायचं आणि माझ्याही. सकाळी मांडलेल्या डावात दुपारची भाकरी झाली तरी एकही शेळी मेली नव्हती. तू वैतागून म्हणालीस, “आगं सुले, ह्यो वाघ उपाशी मरंल.”

खिशाची गोष्ट मी अजून लोकांना सांगते, आणि दरवेळी म्हादू आडवा येतो, ‘तसं झालंच न्हाई’ म्हणतो. तसंच झालं. तो ओट्यावर पाठ टेकून डोळे मिटून पडला होता आणि तू त्याच्या बंडीच्या खिशात दोन बोटं घालून फुटाणे काढत होतीस. एक मला, एक तुला. मी हळूच म्हणाले, “खिशात किती ऱ्हायलं गं?” तू बोटं फिरवून म्हणालीस, “मूठभर. तुला दिसत न्हाईत व्हय?” आणि तिथंच थांबलीस. मीही थांबले. खिशात काय आहे ते तुला कळत होतं आणि मला दिसत नव्हतं. हौसा, माझ्या उभ्या जन्मात मला एवढा आनंद एखाद्या कापडानं दिला नाही.

मग आपण पट शिवला तो खिशांचा. चौकाच्या जागी खिसा, खिशाच्या तोंडावर झडप, खिशापासून खिशापर्यंत उठावाची दोरी. दोरीवरून बोट गेलं की पुढचा खिसा. चिंचोके म्हणजे शेळ्या आणि सागरगोटा म्हणजे वाघ. खिशात हात घातल्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही, ना तुला ना मला. पहिल्या दिवशी मी पहिला डाव जिंकले आणि तू संतापलीस. “तुला फुगवटा दिसतुया! सागरगोटा मोठा हाय, कापड उचललं जातंया.” मी कानावर हात ठेवले, पण खरंच दिसत होता. मग चिंध्या भरून सगळा पट गोधडीसारखा जाड केला. त्यानंतर मी तुझ्या बरोबरीनं अडाणी झाले. डोळे असून पटासमोर चाचपडायचं म्हणजे काय ते मला कळलं, आणि खरं सांगते, सुरुवातीला मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढची अडचण अशी, की समोरच्यानं कुठली शेळी कुठं नेली ते दुसऱ्याला कळायचं कसं? मला तुझा हात दिसायचा, तुला माझा दिसायचा नाही. तेव्हा तोंडानं सांगायचं ठरलं, आणि सांगायचं तर खिशांना नावं हवीत. गावांची नावं द्यायची ही अक्कल माझी. वेल्हे, पाली, शिवरे, भोर, अशी एसटीची पाटी वाचल्यासारखी मी सगळ्या खिशांना नावं ठेवली. पाठ करायला सोपी, असं मला वाटलं. आपण दोघी खेळलो तेव्हा झकास चाललं. पण दुसऱ्या बायका खेळायला बसल्या आणि सगळा विचका झाला. पालीची लेक आपल्या माहेरात वाघ येऊच देईना. शेळी मरतेय ते कळत असून तिथली शेळी हलवीना. “मरू दे तिकडं, पन माझ्या म्हायेरात वाघ नगं.” दुसरीनं मुद्दाम आपला वाघ नणंदेच्या गावात नेऊन बसवला आणि डाव हरली तरी हसत घरी गेली. एका म्हातारीनं तर भोरातल्या शेळीवर उडी मारायलाच नकार दिला, का तर तिची थोरली तिथं बाळंतपणाला गेली होती आणि उगाच अपशकुन नको.

“ह्या बाया खेळत न्हाईत, नांदत्यात,” असं तू म्हणालीस, आणि आपण हसून हसून बेजार झालो. मग गावं उसवली आणि घरातल्या जागा ठेवल्या. उंबरा, ओटी, चूल, जातं, उखळ, रांजण. एका खिशाला तू देव्हारा म्हणत होतीस. मी म्हणाले, माझ्या घरात देव्हारा नाही. तू मग म्हणालीस, “मंग उतरंड ठेव. मडकी समद्यांच्याच घरात असत्यात.” एवढ्या सहज म्हणालीस की मी सुईत दोरा ओवत राहिले आणि वर बघितलंच नाही.

तुझ्या आईचं मला इथं सांगायलाच हवं. म्हातारी आता नाही, तिच्यावर माझा राग नाही. होता तेव्हा भरपूर होता. पट तयार झाल्यावर तू मला वाडीवर बोलावलंस. मी पट गुंडाळून चढण चढून आले. आपण अंगणात डाव मांडला, अर्ध्यावर अंधारून आलं म्हणून तसाच ठेवून मी उतरले. तुझ्या आईनं माझी पाठ वळल्यावर पटावर तांब्याभर पाणी ओतलं. आमच्या लोकांचा हात लागलेला, त्यात तू हात घालणार, म्हणून. पुढच्या बाजारी तू पट घेऊन आलीस तर चिंचोके फुगून टम्म झालेले, सालं सुटलेली, आतल्या चिंध्यांना कुबट वास. तू काय झालं ते सांगितलंस. लपवलं नाहीस, त्याबद्दल मी तुझी कायमची ऋणी आहे.

मी म्हणाले, “बंद करू आपन ह्ये. हात घालायचा खेळ हाय. तुमच्याकडं चालायचा न्हाई.”

तू म्हणालीस, “चालंल. खेळायच्या आदी हात धुवायचं. दोगींनी. एकाच तांब्यानं.”

“माझं हात घान हायेत व्हय?”

“माझं हायेत. लोकर कातून तेलकट झाल्यात, चिंचोकाबी कळंना मला. आन तुझ्या हाताला मशीनचं त्याल. आईला काय समजायचं त्ये समजू दे. आपन दोगी धुवू.”

तोच आपल्या खेळाचा पहिला नियम झाला. जो खेळेल तो आधी हात धुवेल आणि समोरच्याच्या हातावर पाणी घालेल. वाडीवर मी पुन्हा आले तेव्हा तुझी आई दारात उभी होती. तू माझ्या हातावर पाणी घातलंस, मग तांब्या माझ्या हातात देऊन तुझे हात पुढे केलेस आणि चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणालीस, “घाल पाणी, सुले. आमच्याकडं असंच खेळत्यात.” म्हातारी आत निघून गेली. पुढं एकदा दुपारी तीच मला म्हणाली, “मला शिकीव,” आणि हात पुढे केले. मी पाणी घातलं. त्या दिवशी मी तिला तीन डाव सरळ हरवलं. सोडते की काय!

पुण्याचे ते साहेब आले त्यावरून आपलं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही, हे आधीच सांगते. अंध लोकांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा संस्थेचे होते, तहसील कचेरीत काही कामाला आले होते. माणूस चांगला. चिखल तुडवत आपल्या ओट्यावर आले, खाली बसले, हात धुतले, तुझ्या हातावर पाणी घातलं. पट बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की मी मनातल्या मनात दुसरं मशीन घेतलंसुद्धा. मग ते तुझ्याशी खेळले. तुझा वाघ. त्यांनी एक शेळी उंबऱ्यावर आणून ठेवली, सरळ वाघाच्या जबड्यात. तू थांबलीस. “साहेब, मागं घ्यायची असली तर घ्या.” ते म्हणाले, “नाही नाही, खेळा तुम्ही.” पुढची शेळीही तशीच. तू खाल्लीस. तिसरीही खाल्लीस. मला तुझ्या कपाळाची शीर दिसत होती.

डाव संपल्यावर त्यांनी सांगितलं, की असे पट त्यांना पुष्कळ हवेत. फक्त एक बदल करावा. शेळी मरण्याचं काढून टाकावं. आधीच आयुष्यानं ज्यांना हरवलंय त्यांना खेळात तरी हरवू नये. नुसतं या खिशातून त्या खिशात नेणं, मोजणं, ओळखणं पुरे. फार मनापासून बोलत होते. तू पट गुंडाळलास. “साहेब, च्या घिऊन जावा,” म्हणालीस. त्यांनी चहा घेतला, आपलं कौतुक केलं, विचार करून कळवा म्हणाले आणि खुशीत एसटीला गेले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की तू नकार दिलास.

मी तुझ्यावर तुटून पडले. “आगं, शिवून देऊ की! वाघ आपन गुपचूप संगं धाडू. तितल्या पोरी-बाया शान्या असत्याल, खेळत्याल आपल्याआपन.”

“आन ज्या शान्या नसत्याल त्या जलमभर खिशातनं चिंचोकं काढून दुसऱ्या खिशात घालत्याल. त्येला खेळ म्हनत्यात?”

“काईच नसन्यापरीस बरं न्हाई का?”

“न्हाई.”

तू ‘नाही’ म्हणालीस की त्यात फट नसायची. मी तुझ्याशी दोन बाजार बोलले नाही. हौसा, आज शांत डोक्यानं सांगते: मला अजून वाटतं की आपण हो म्हणायला हवं होतं. एकदा पट तिथं पोचला असता, तर सागरगोटा काय कुठल्याही परसात सापडतो. एखाद्या आडदांड पोरीनं वाघ शोधून काढलाच असता. तू म्हणायचीस, वाघ आधी हवा. मी म्हणायचे, आधी पट पोचू दे. याचं उत्तर तू घेऊन गेलीस असंही नाही, आणि माझ्याकडे राहिलं असंही नाही. कुणी विचारलं तर मी दोन्ही बाजू सांगते, पण तुझी बाजू सांगताना माझा आवाज जास्त चढतो, असं म्हादूचं म्हणणं आहे.

त्यापेक्षा मग आपण स्वतःच निघालो. उरल्यासुरल्या कापडाचे पट शिवायचे, एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, ‘अमक्या गावात अमक्याच्या घरी द्या’ म्हणून सांगायचं. लोक घ्यायचे. कुणी अंगाखाली घालून झोपायचं, कुणी झडपा कापून बाळाला झबलं केलं. एका घरातून उत्तर आलं, की आमच्या आंधळ्या मामांना काही कळत नाही, त्यांना कशाला त्रास. मामांना विचारलं होतं का, तर नाही. पट शिवणं सोपं होतं, हौसा. तो चार माणसं ओलांडून ज्याच्यासाठी आहे त्याच्या मांडीपर्यंत पोचवणं महाकठीण. घरातला प्रत्येक जण मायेनं मध्ये उभा. दुष्काळाच्या साली तर मेंढरांना चारा नव्हता, माझ्याकडे शिलाईला कापड येत नव्हतं, तेव्हाही तू लोकरीच्या चिंध्या देऊन म्हणालीस, ‘ह्या भर.’

शिवऱ्याचे बाबूराव मात्र भेटले. हमरस्त्यावर पुतण्याच्या चहाच्या टपरीवर बसलेले असायचे, डोळे म्हातारपणी गेलेले. ट्रकवाले चहा होईस्तोवर त्यांच्याशी डाव टाकायचे. त्यांची तक्रार आली: “ट्रकवाले लबाड हायेत. मेलेली शेळी परत खिशात घालत्यात. वाघानं किती खाव्या?” तू ऐकून टाळी वाजवलीस. मला कळेना यात आनंद कसला. तू म्हणालीस, “आगं, आंधळ्या मान्सासंगट ट्रकवाल्यास्नी लबाडी कराय लागतीया! त्येंला हरायची भीती वाटतीया!” त्यावर तोड म्हणून मेलेली शेळी दोऱ्यात ओवायची ठरलं. चिंचोक्यांना भोकं पाडता पाडता माझ्या दाभणाचं टोक गेलं. पण त्यानंतर बाबूराव हरले तरी तक्रार करेनात, आणि जिंकले की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो दोरा दाखवायचे.

हे सगळं मी तुझ्यासाठी केलं असं लोक म्हणतात. म्हणू देत. तुला मात्र खरं सांगते. मी लग्न करून वेल्ह्यात आले तेव्हापासून लोक माझ्याशी दोनच तऱ्हांनी बोलायचे. काही वरून खाली, काही उगाच गोड, जसं काही मला सांभाळून घेताहेत. बरोबरीनं भांडणारी तू पहिली. तू मला ‘सुले, गाढवे’ म्हणालीस तेव्हा मला माणसात आल्यासारखं वाटलं. हे तू असताना बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, ‘शेळी हलीव.’

यंदा थंडी सरता सरता तुझ्या छातीत कफ भरला. म्हादू भोरला डॉक्टरकडे नेऊन आणलं म्हणाला, इंजेक्शनं दिली म्हणाला. मी वाडीवर चढून आले तर तू भिंतीला टेकून बसलेली, अंगावर घोंगडी, श्वास घेताना घुरघुर. आल्या आल्या विचारलंस, “पट आनलास?” वहिनीनं तिथंच बसून माझ्या आणि तुझ्या हातावर पाणी घातलं. तुझा हात हातात घेतला तर चटका बसला.

तू वाघ घेतलास. तू नेहमी वाघच घ्यायचीस. ‘जलमभर शेळ्या राखल्या, आता खाऊ द्या की,’ हे तुझं ठरलेलं. हळू खेळत होतीस. प्रत्येक खिशाशी थांबायचीस, खोकायचीस, परत बोट दोरीवर. माझ्या शेळ्या सरकत गेल्या आणि तुझा वाघ रांजणाच्या कोपऱ्यात गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या शेळ्या, एकीच्या पाठीमागेही शेळी. दुसरीच्या मागचा उतरंडीचा खिसा तेवढा मोकळा. माझी ओटीवरची शेळी उतरंडीत घातली की वाघ कोंडला.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिला पट येत होता, काय झालंय ते तिला कळलं होतं. तिनं डोळ्यांनी खूण केली, मान हलवली: नको. म्हादू दारात उभा होता, तोही माझ्याकडेच बघत होता. मी दुसरी कुठलीही शेळी हलवली असती तर तू सुटली असतीस, आणि दोघांनाही वाटलं असतं की मी माणुसकीनं वागले. माझा हात ओटीच्या खिशात होता, चिंचोका बोटांत होता.  तुझा चेहरा बघितला. तू माझ्या हातापाशी कान देऊन बसली होतीस.

मी म्हणाले, “ओटीवरची शेळी उतरंडीत.”

तू उतरंडीत हात घातलास. मग चुलीत, मग जात्यात, मग रांजणातल्या आपल्या वाघावर बोट ठेवून राहिलीस. 

“कोंडलास की गं मला,” तू म्हणालीस.

वहिनीचा बांध फुटला. “तापानं फनफनलीया ती, आन तू तिला हरवतीयास? मन हाय का न्हाई तुला?”

“तू गप ऱ्हा गं,” तू म्हणालीस. “सुले, परत मांड.”

परत मांडला. दुसऱ्या डावात तू पुन्हा त्याच रांजणाच्या कोपऱ्यात जाऊन बसलीस. मला वाटलं, तापात चुकली. मी सगळ्या शेळ्या घाईनं तिकडे वळवल्या आणि जात्याची बाजू उघडी पडली, ते मला कळलं तोवर तू चुलीवरून उडी मारून जात्यात पोचली होतीस. मग उखळ. मग उंबरा. एकेक चिंचोका काढून तू दोऱ्यात ओवत होतीस आणि मधेमधे खोकत होतीस आणि हसत होतीस. मी चिडले. वहिनीसमोर, म्हादूसमोर मी तुला लबाड म्हणाले. तू म्हणालीस, “लबाडी न्हाई. तू हावरी हायस.” मी पट तुझ्याकडेच टाकून रागानं उतरायला लागले. अख्खी चढण मी स्वतःशी बडबडत उतरले, की कुठली शेळी हलवायला नको होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हादू आला. मी मशीनवर बसले होते, पण शिवत नव्हते. समोरच्या कापडावर खडूनं खिसे काढून तो डाव पुन्हा मांडत होते. तो ओट्याच्या खालीच उभा राहिला. “आक्का, हौसा गेली.” मी खडू खाली ठेवला आणि मग माझा मला आवर राहिला नाही.

त्यानंतर तो डाव मी कितीदा तरी मांडून बघितला आहे. चुलीवरची शेळी आधी मागे घेऊन बघितली, जात्याला दोन शेळ्या ठेवून बघितल्या. तू कुठून तरी सुटतेसच. पहिल्या डावात मी तुला सोडलं नव्हतं, म्हणून दुसरा मी मुद्दाम सोडला असं म्हणायला कुणाला जागा नाही, मलाही नाही. तू मला हरवलंस, हौसा.